इडलीबरोबर ड्रम कोणी मागवले होते?

निवांत_कोथरूड
रविवार, रात्री ९:१२

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

गेल्या रविवारी नागपूरहून बहीण आली होती म्हणून आम्ही सहाजण बाणेरच्या एका नव्या हॉटेलात नाश्त्याला गेलो. इडली, डोसा, फिल्टर कॉफीवालंच. फक्त छत दोन मजले उंच, तीन बाजूंना काचा, खाली गुळगुळीत फरशी आणि बसायला लाकडी बाक. वडील एक्क्याऐंशीचे, दोन्ही कानांना यंत्रं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे बोलायची सवय आणि हौस दोन्ही दांडगी. भाचा यंदा दहावीला, त्याच्याशी भूमितीवर गप्पा मारायच्या म्हणून आदल्या दिवसापासून खुशीत होते.

आत शिरल्यापासून वरून ढुम ढुम ढुम. शब्द नाहीत, चाल नाही, नुसता ठेका. मी विचारलं, "बाबा, इडली की डोसा?" ते म्हणाले, "हो." परत विचारलं. "परवा आली," म्हणाले. त्यांना वाटलं मी बहिणीबद्दल विचारतोय. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी दोन्ही यंत्रं काढली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि पुढची चाळीस मिनिटं खाली मान घालून खाल्लं. भूमिती राहिली.

कॅप्टनला म्हटलं, जरा आवाज कमी करा. "सर, सिस्टिम वरून सेट आहे." वरून म्हणजे कुठून, असं विचारल्यावर त्याने छताकडे बोट दाखवलं. देव की हेड ऑफिस, ते कळलं नाही.

तर विचारतोय: खाताना मागे गाणं वाजावं असं खरंच कुणाला वाटतं का? की कुणालाच नको असून ते सगळीकडे आहे, टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या फुलांसारखं?

चहाटळ
रविवार, रात्री ९:२०

पयला!
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाकी चालू द्या.

पेठेतली_मी
रविवार, रात्री ९:४१

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण मी विरुद्ध पार्टीत. माझ्या लग्नाची गोष्ट सांगते, मग ठरवा.

आमची पहिली भेट डेक्कनवरच्या एका शांत हॉटेलात ठरली. संध्याकाळी चारची वेळ, सगळीकडे सामसूम, पंख्याचा तेवढा आवाज. शेजारच्या टेबलावर दोन काकू. आम्ही बोलायला लागलो आणि त्यांचं बोलणं बंद झालं. याने पगार सांगितला तेव्हा एकीचा साबुदाणा वड्याचा घास वाटेत थांबला. स्वयंपाक येतो का या प्रश्नावर मी "तुम्हाला येतो का?" असं विचारलं, तर दुसरी चक्क हसली. निघताना पहिलीने माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "मुलगा बरा आहे हो."

लग्नाला बारा वर्षं झाली. मुलगा बराच आहे. पण त्या दिवशी तिथे काहीही, अगदी ढुम ढुमसुद्धा वाजत असतं तर मी त्या मालकाचे पाय धरले असते. पुण्यात हॉटेलातलं गाणं म्हणजे पडदा असतो. टेबलांमधलं अंतर दीड फूट आणि शेजाऱ्यांचे कान तीन फूट लांब.

चहाटळ
रविवार, रात्री ९:४६

त्या काकूंपैकी एक या संस्थळावर असतील तर कृपया हात वर करावा.

हिंजवडीग्रस्त
रविवार, रात्री १०:०५

पेठेतली_मी +१. दिवसभर ऑफिसात हेडफोन, मग वाकडच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न. संध्याकाळी कुठे बसलो की मागे काहीतरी सुरेल असलं तर बरं वाटतं. शांत हॉटेलात मला वाचनालयात जेवल्यासारखं वाटतं. चमचा पडला तर सगळे बघतात.

आणि 'कुणालाच नको' हे तुमचं तुम्हीच ठरवलंत काका. शनिवारी रात्री बाणेर-बालेवाडीला जाऊन बघा, आवाज जितका मोठा तितकं वेटिंग जास्त.

मुळामुठा
रविवार, रात्री १०:११

वेटिंग आवाजासाठी नसतं हो, पार्किंग मिळालं म्हणून लोक थांबलेले असतात.

टेबल_नंबर_सात
रविवार, रात्री ११:३०

चौदा वर्षं या धंद्यात काढली, वेटर ते मॅनेजर. आता बाहेर आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

गाणं गिऱ्हाइकासाठी लावतात हा पहिला गैरसमज. सकाळी अकरा वाजता हॉल रिकामा असतो. पहिलं कुटुंब दारात येतं, आत डोकावतं आणि त्यांना ऐकू काय येतं? भटारखान्यात चटणीचा मिक्सर, मोरीवर भांड्यांचा खणखणाट, आणि वस्ताद पोऱ्यावर ओरडतोय. लोक दारातून परत जातात. मागे काहीतरी चालू असलं की हॉल भरल्यासारखा वाटतो. एवढंच मूळ कारण. बाकी 'अँबियन्स' वगैरे शब्द नंतर आले.

दुसरं कारण टेबल फिरवणं. दुपारी एक ते अडीच ताट-थाळीची गर्दी, तेव्हा ठेका जलद. तीननंतर हॉल ओस, मग संथ काहीतरी लावायचं, म्हणजे आलेला माणूस अजून एक कॉफी घेतो. हे आम्ही अनुभवाने करायचो. पुढे कळलं की अमेरिकेत रोनाल्ड मिलिमन नावाच्या प्राध्यापकाने १९८६ साली हे मोजून छापलंय. एकाच हॉटेलात काही दिवस संथ संगीत, काही दिवस जलद. संथ असताना टेबल सरासरी ५६ मिनिटं अडायचं, जलद असताना ४५. खाण्याच्या बिलात म्हणण्यासारखा फरक नाही, पण संथ संगीताच्या दिवशी दारूचं बिल चांगलंच वाढलेलं. आता इडलीच्या हॉटेलात दारू नाही. म्हणजे तिथे संथ संगीताने मालकाचं नुसतं टेबल अडतं, गल्ल्यात काही पडत नाही. तुमच्या वडिलांच्या डोक्यावर ड्रम का वाजत होते, याचं उत्तर त्यात आहे. लाकडी बाकाचंही.

तिसरं, 'वरून सेट आहे' ही थाप नसावी. हॉटेलात ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर परवाने लागतात. गीत आणि चाल यांचे हक्क एका संस्थेकडे, म्हणजे आयपीआरएसकडे, आणि मुद्रणाचे हक्क पीपीएलसारख्या दुसऱ्या संस्थेकडे. आपण घरी ऐकायला घेतलेलं अॅप हॉटेलात लावणं अटींत बसत नाही. म्हणून बऱ्याच साखळ्या एकदाच काय ते पैसे भरून सगळ्या शाखांना एकच यादी पाठवतात. शब्द नसलेलं, चाल नसलेलं ते जे तुम्ही ऐकलंत, ते याच कारणाने स्वस्त पडतं. कॅप्टनच्या हातात खरोखरच काही नसतं.

आणि स्टाफचं कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. तुम्ही चाळीस मिनिटं ऐकलंत. तो पोरगा दहा-बारा तास ऐकतो, रोज. आमच्याकडे एके काळी बासरीची एकच कॅसेट होती. दोन्ही बाजू, दोन वर्षं. अजूनही कुठे ती बासरी लागली की माझा हात आपोआप टेबल पुसायला लागतो.

पेठेतली_मी
रविवार, रात्री ११:३८

शेवटचं वाक्य __/\__

तंबोरा
सोमवार, सकाळी ६:५०

बासरीचा विषय निघालाच आहे तर एक जुनं दुखणं मांडतो. सदाशिव पेठेजवळच्या एका हॉटेलात (नाव लिहीत नाही, उपमा चांगला असतो) रोज सकाळी साडेआठला बासरीवर मालकंस लागतो. मालकंस! मध्यरात्रीचा राग! आणि समोर वाफाळता उपमा. पहिला घास घेतला की वाटतं, आता झोपायला हवं. मी दोनदा गल्ल्यावर जाऊन सांगितलं की सकाळी तोडी लावा, भटियार लावा, निदान अहिरभैरव तरी लावा. मालक म्हणाले, "साहेब, सीडीवर 'मॉर्निंग' लिहिलंय."

अर्धापुणेकर
सोमवार, सकाळी ७:२५

तंबोराजी, हॉटेल उडपी असेल तर तो मालकंस नसून हिंदोळम् असेल. सूर तेच, आणि कर्नाटक संगीतात वेळेचं बंधन एवढं पाळत नाहीत. तुम्ही उपमा निर्धास्त खा.

तंबोरा
सोमवार, सकाळी ७:३१

मींड हिंदुस्थानी होती. मला शिकवू नये.

चहाटळ
सोमवार, सकाळी ७:३३

🍿🍿

कंपनसंख्या
सोमवार, दुपारी १:१५

माझं काम सभागृहांच्या ध्वनिरचनेचं, त्यामुळे जरा लांब लिहिणार. ज्यांना जेवणाच्या सुट्टीत वेळ कमी आहे त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचावा.

निवांत, तुम्ही संगीताला दोष देताय, पण गुन्हेगार बहुधा खोली आहे. तुम्हीच लिहिलंय: उंच छत, काचा, फरशी, लाकूड. यातलं काहीही आवाज शोषत नाही. चमचा पडला की त्याचा आवाज भिंतींवर आपटत राहतो. जुन्या हॉटेलांत छत बुटकं असायचं, पडदे असायचे, रेक्झिनच्या गाद्या असायच्या. दिसायला कळकट, पण बोलणं कळायचं. हल्लीच्या सजावटीत छत उघडं ठेवतात, पाइप दिसतात, टेबलावर कापड नाही. फोटो छान येतो.

आता अशा खोलीत लोक बसले. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल भरतं. मागे संगीत आलं की माणूस नकळत आवाज चढवतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. एत्येन लोम्बार्ड हे फ्रेंच कानतज्ज्ञ, त्यांनी १९११ साली ते नोंदवलं. आपल्याला पत्ताही नसतो. एका टेबलाने आवाज चढवला की दुसरं चढवतं, मग गर्दीवर मात करायला मॅनेजर संगीत वाढवतो, मग पहिलं टेबल परत. लग्नाच्या हॉलमध्ये जी कावकाव असते ती अशीच चढत जाते, कुणीही मुद्दाम ओरडत नसतं.

वयानुसार आधी उंच पट्टीचं ऐकू येणं जातं. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. पण स, श, फ, थ अशी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळात क्षीण. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतंय, पण कळत नाहीये." ते अगदी खरं असतं. यंत्राने सगळंच मोठं होतं, बोलणं आणि ढुम ढुम दोन्ही. तरुण माणसाचा मेंदू गर्दीतून एक आवाज वेचून काढतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ साली याचा अभ्यास केला आणि त्याला नाव दिलं 'कॉकटेल पार्टी'चा प्रश्न. वडिलांच्या बाबतीत ती वेचणी करणारी चाळणीच झिजलेली आहे. त्यांनी यंत्रं काढून ठेवली, यात रुसवा नाही. डोकं दुखायला लागतं हो.

हिंजवडीग्रस्त, तुमचंही बरोबर आहे. हलकं संगीत शेजारच्या टेबलाचे शब्द झाकतं, तो उपयोग खराच. पण त्यासाठी ते बोलण्यापेक्षा बरंच खाली पाहिजे. छतात बरेच छोटे स्पीकर असले तर प्रत्येकाचा आवाज कमी ठेवता येतो. एका कोपऱ्यात दोन मोठे ठोकले की त्यांच्याजवळचा बहिरा होतो आणि लांबचा तक्रार करतो की ऐकू येत नाही.

पुढच्या वेळी: दुपारी साडेतीनला जा. कोपऱ्यातलं टेबल, वडिलांची पाठ भिंतीकडे आणि तोंड तुमच्याकडे. डोक्यावर स्पीकर नको. स्वयंपाकघराच्या दारापासून आणि कॉफी मशिनपासून लांब.

निवांत_कोथरूड
सोमवार, दुपारी १:५०

कंपनसंख्या, "ऐकू येतंय पण कळत नाहीये" हे वाक्य बाबा शब्दशः म्हणतात. गेली तीन वर्षं मी "मग लक्ष द्या ना" असं उत्तर देतोय.

टेबल_नंबर_सात, बाकाचं कोडंही सुटलं. धन्यवाद.

गवतीचहा
सोमवार, संध्याकाळी ५:०५

माझ्या लहानपणी जेवताना बोलायचंच नाही असा घरात दंडक होता. आजोबा चित्राहुती घालून एकदा जेवायला बसले की पानावरून उठेपर्यंत मौन. मीठ हवं असेल तर बोटाने खूण. चरकसंहितेतही विमानस्थानात म्हटलंय की न बोलता, न हसता, मन लावून जेवावं. त्यामुळे संगीत हवं की गप्पा, हा वादच आजोबांना परका वाटला असता.

पण लग्नाच्या पंगतीत मात्र उलट. दारात सनई-चौघडा, आत वाढप चालू, आणि पानं वाढून होईपर्यंत श्लोक. एखाद्या मुंज झालेल्या मुलाला पुढे ढकलायचे, तो लाजत लाजत एक श्लोक म्हणायचा, मग शेवटी सगळ्यांनी "हर हर महादेव" केलं की पहिला घास. मध्येच जिलबीची फेरी आली की पुन्हा कुणीतरी श्लोक. म्हणजे आपल्याकडे गाणं होतं, पण त्याला जागा ठरलेली होती. वाट बघताना श्लोक, जेवताना जेवण. सनई बाहेर दारात असायची, पानाशेजारी नव्हे. आता कार्यालयात तीच सनई स्पीकरमधून लावतात आणि स्पीकर नेमका आमटीच्या पातेल्यामागे.

मुळामुठा
सोमवार, संध्याकाळी ५:२०

गवतीचहाताई, फार सुंदर. आणि 'सवाई'त याच्या बरोबर उलटं. भीमसेनजींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव, मंडपात ख्याल रंगलेला, आणि आम्ही मागच्या स्टॉलवर बटाटेवडा हातात घेऊन पडद्यावर गाणं बघतोय. तिथे खाणं पार्श्वभूमीला. वडा जरा कुरकुरीत असला तर शेजारचा रागाने बघतो.

तंबोरा
सोमवार, संध्याकाळी ५:५५

तो मी असेन.

याच्यावरून आठवलं. ऐकू नका असं सांगून संगीत लिहिणारा पहिला माणूस म्हणजे बहुधा एरिक साती, फ्रेंच. त्याने याला नाव दिलं होतं 'फर्निचरचं संगीत'. खुर्ची जशी खोलीत असते तसं ते असावं, तिच्याकडे कुणी टक लावून बघत नाही. १९२० साली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात त्याने ते वाजवून घेतलं. आणि झालं काय, लोक गप्प होऊन जागेवर बसून ऐकायला लागले. साती बिचारा त्यांच्यात फिरून सांगतोय, बोला, हिंडा, ऐकू नका! पॅरिसचे लोक सभ्य, त्यांनी ऐकलंच. आपल्याकडे त्याला काही अडचण आली नसती.

हिंजवडीग्रस्त
सोमवार, रात्री ८:४०

मग ते लिफ्टमधलं संगीत? तेही सातीचंच का?

तंबोरा
सोमवार, रात्री ९:०२

नाही, ते अमेरिकन. मुझॅक कंपनी, १९३४. जॉर्ज स्क्वायर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची कल्पना, तारेवरून संगीत पुरवायचं. 'म्युझिक' आणि 'कोडॅक' जोडून नाव. कारखान्यांसाठी त्यांनी पंधरा मिनिटांचे तुकडे केले, हळूहळू जोम चढत जाणारे, म्हणजे कामगाराचा हात मंदावू नये. पण त्यांच्यातही एक शहाणपण होतं: पंधरा मिनिटं वाजलं की पंधरा मिनिटं शांतता. आपल्या हॉटेलवाल्यांनी वाजवण्याचा भाग तेवढा उचलला.

चहाटळ
सोमवार, रात्री ९:३०

पॉपकॉर्न संपले, आता गंभीर प्रतिसाद.

आवाजाने चवही बदलते म्हणे. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी झाम्पिनी यांनी लोकांना हेडफोन लावून बटाट्याचे वेफर खायला दिले. चावण्याचा आवाज, विशेषतः वरच्या पट्टीतला, मोठा करून ऐकवला की तोच वेफर जास्त ताजा आणि कुरकुरीत वाटायचा. २००८ साली त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. आणि विमानाच्या आत असतो तसा ८५ डेसिबलच्या आसपास आवाज सोडला तर गोडाची चव मंद होते आणि उमामी, म्हणजे टोमॅटोत वगैरे असते ती, ठसठशीत लागते. हे कॉर्नेलच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं.

तेव्हा निवांत, त्या दिवशी सांबार बरं लागलं आणि शिरा अगोड लागला का, एवढं फक्त सांगा. धाग्याला शास्त्रीय बैठक येईल.

निवांत_कोथरूड
सोमवार, रात्री ९:३७

शिरा खरंच अगोड होता!! पण तो बायकोच्या मते मुळातच अगोड होता.

अर्धापुणेकर
मंगळवार, सकाळी ८:१०

इंग्लंडमध्ये एका सुपरमार्केटात फ्रेंच वाइन आणि जर्मन वाइन शेजारी शेजारी मांडून एक दिवस फ्रेंच संगीत आणि एक दिवस जर्मन संगीत, असं आलटून पालटून लावलं होतं. १९९७ सालची 'नेचर'मधली नोंद आहे. फ्रेंच संगीत असताना फ्रेंच वाइनच्या ४० बाटल्या गेल्या, जर्मन ८. जर्मन संगीत असताना जर्मन २२, फ्रेंच १२. आणि विचारल्यावर बहुतेकांचं म्हणणं, छे, संगीताचा काय संबंध!

यावर आपल्याकडे प्रयोग व्हायला हवा. लावणी लावली तर तांबडा रस्सा आणि भावगीत लावलं तर वरणभात.

कांदेपोहे
मंगळवार, सकाळी ९:००

आणि काहीच नाही लावलं तर बिल.

मुळामुठा
मंगळवार, सकाळी ९:१५

😂 धाग्याचं सार्थक झालं.

जुना_कॅम्प
मंगळवार, दुपारी १२:४०

इथले बहुतेक जण लहान दिसतात. कॅम्पातल्या एका इराण्याकडे ज्यूकबॉक्स होता. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, तबकडी आपोआप उचलली जायची. आम्ही कॉलेजची चार पोरं एका चहात अर्धा तास काढायचो आणि दुसऱ्याच्या पैशाने गाणी ऐकायचो. कुणी प्रेमभंगवाला आला की तो तेच गाणं पाचदा लावायचा. मग इराणी स्वतः गल्ल्यावरून उठून यायचा आणि आपल्या खिशातलं नाणं टाकून दुसरं लावायचा. आवाज कमी करा म्हणायला कॅप्टनकडे जावं लागत नसे. मालक तिथेच बसून तेच ऐकत असे, हा फरक.

आता मालक ऐकत नाही. यादी तिसऱ्याच गावात बनते आणि ती बनवणारा तिथे कधी जेवलेला नसतो.

टेबल_नंबर_सात
मंगळवार, दुपारी १:०५

जुना_कॅम्प, लाख बोललात.

अर्धापुणेकर
मंगळवार, दुपारी २:३०

जेवणाऱ्यानेच यादी बनवल्याचंही उदाहरण आहे. जपानी संगीतकार र्युइची साकामोतो न्यूयॉर्कमध्ये 'काजित्सु' नावाच्या जपानी हॉटेलात नेहमी जायचे. जेवण अतिशय आवडायचं, संगीत अजिबात नाही. शेवटी त्यांनी तिथल्या शेफला ईमेल लिहिली की तुमचं जेवण जितकं सुंदर तितकं संगीत वाईट, मला निवडू द्या. आणि फुकटात यादी करून दिली. २०१८ साली ही गोष्ट बरीच गाजली.

निवांतचे वडील पत्र लिहू शकतात. निवृत्त शिक्षक आहेत, शुद्धलेखनाची खात्री.

सहावा_मजला
मंगळवार, रात्री ११:५२

तुम्ही निदान हॉटेलात जाऊन ऐकताय. आमच्या सोसायटीशेजारी गच्चीवरचं हॉटेल आहे, आम्ही घरी बसून फुकट ऐकतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा ४५ डेसिबल आणि उघड्यावर लाउडस्पीकर बंद. मालक म्हणतो, वर पत्रा आहे, म्हणजे बंदिस्त जागा. आत्ता अकरा बावन्न झालेत. कुणीतरी वाढदिवसाचं गाणं लावलंय. तिसऱ्यांदा. एकाच रात्रीत किती लोक जन्मतात!

कंपनसंख्या
बुधवार, सकाळी ७:४५

सहावा_मजला, ४५ ही रात्रीची बाहेरच्या वातावरणाची मर्यादा, म्हणजे तुमच्या बाजूने मोजायची. पत्र्याला तीन बाजू उघड्या असतील तर ती बंदिस्त जागा कशी? वेळ, तारीख आणि नोंदी ठेवून लेखी तक्रार करा. यावर वेगळा धागा काढा, तिकडे सविस्तर लिहितो.

हिंजवडीग्रस्त
बुधवार, सकाळी १०:२०

कंपनसंख्यांचा प्रतिसाद वाचून काल आमच्या नेहमीच्या जागी फोनवर अॅप टाकून मोजलं. शुक्रवार-शनिवार नाही, साधा मंगळवार, रात्री नऊ. ८२, ८४, मध्येच ८७. अॅप काही फार अचूक नसेल, पण मग लक्षात आलं की आम्ही पाचजण दोन तासांत काहीच बोललो नाही. फोटो काढले, हसलो, "काय?" "काय?" केलं. घरी येऊन ग्रुपवर गप्पा मारल्या.

तरी मला ती जागा आवडते. का ते सांगता येत नाही. बोलायचं नसतं अशाही संध्याकाळी असतात.

गवतीचहा
बुधवार, सकाळी १०:४५

हे शेवटचं वाक्य आजोबांना पटलं असतं.

निवांत_कोथरूड
शुक्रवार, रात्री ८:३०

अपडेट.

बाबांना हा धागा वाचून दाखवला. (मालकंसवर खूप हसले. तंबोरा, ते तुमच्या बाजूने आहेत.) पत्र त्यांनी खरंच लिहिलं. फुलस्केप, समास आखून. त्यात हॉलची लांबी-रुंदी-उंची अंदाजाने धरून घनफळ काढलंय आणि खाली 'सबब आवाज निम्मा करावा' असं लिहिलंय. ते घेऊन काल गुरुवारी दुपारी साडेतीनला आम्ही दोघंच त्याच हॉटेलात गेलो. तिसऱ्या जागी जायचं मी सुचवलं होतं, पण ते म्हणाले उत्तरपत्रिका त्याच शाळेत द्यायची असते.

हॉल जवळजवळ रिकामा. कोपऱ्यातलं टेबल, पाठ भिंतीकडे, सगळं सांगितल्याप्रमाणे. मॅनेजर तरुण मुलगा, पत्र उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. म्हणाला, "आजोबा, कमी करता येत नाही, पण या झोनचं बटण बंद करता येतं. फक्त मग आतलं ऐकू येईल." बाबा म्हणाले, येऊ दे.

बंद केलं. आणि खरंच, आतून आवाज यायला लागले. आधी मिक्सर. मग भांडी. मग दोघांचं कडाक्याचं भांडण, की नारळ कोणी फोडून ठेवायचा होता. एक म्हणतोय काल मी फोडला, दुसरा म्हणतोय बुधवारी सुट्टी असते तुझी. मॅनेजर ओशाळला, धावत बटणाकडे निघाला.

बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. यंत्राचा आवाज एक घर वाढवला आणि मला म्हणाले, "थांब, दुसऱ्याचं बरोबर आहे. काल बुधवारच होता."

पेठेतली_मी
शुक्रवार, रात्री ८:३६

त्या दोन काकूंची आठवण आली 😄

टेबल_नंबर_सात
शुक्रवार, रात्री ८:५०

नारळ फोडणं दुपारच्या पाळीचं काम. दोघंही खोटं बोलतायत.

चहाटळ
शुक्रवार, रात्री ८:५२

आणि शिरा?

निवांत_कोथरूड
शुक्रवार, रात्री ८:५५

अगोडच.